सगळं फुकट असताना भिलाटीतली पोरं दहावीच्या आत का गळतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : बँकेच्या बदलीने तुम्ही पुण्याहून धुळे जिल्ह्यात आलात. इथे पुस्तकं फुकट, खिचडी फुकट, वर शिष्यवृत्ती, तरी भिल्ल आणि मातंग वस्तीतली पोरं मध्येच शाळा का सोडतात? दोष शेवटी आई-बापाचाच नाही का? आणि खाजगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांचं काय?

मी भिलाटीतला आहे. शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावाची भिलाटी, म्हणजे गावापासून नाल्याने तोडलेली पंचवीस-तीस घरं. आता एका कॉलेजच्या कार्यालयात लिपिक आहे आणि गेली 14 वर्षं शिष्यवृत्तीच्या खिडकीवर बसतो. खिडकीच्या दोन्ही बाजू पाहिल्यात, म्हणून लिहितो. मातंग वस्तीबद्दल मला खिडकीतून दिसलं तेवढंच ठाऊक आहे. आमच्याबद्दल जरा जास्त.

आधी ‘फुकट’ या शब्दाचं बघू. माझी बहीण 1992 साली पहिलीत गेली. त्याच वर्षी सरकारने दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या विमुक्तांच्या पहिली ते चौथीच्या मुलींना उपस्थिती भत्ता सुरू केला होता. रोजचा 1 रुपया, वर्षाला जास्तीत जास्त 220 आणि अट 75 टक्के हजेरीची. दसऱ्यापासून कापूस वेचणी सुरू होते. आई वेचायला जायची तेव्हा बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बांधावर बसायची, हात मोकळा झाला की तीही वेचायची. दोन-अडीच महिने शाळा नाही म्हणजे 75 टक्के गेले आणि रुपयाही गेला. तीस वर्षांनीही तो भत्ता रुपयाच होता. आज किलोमागे दहा रुपये मजुरी धरा. बारा वर्षांची पोर दिवसाला वीस किलो सहज वेचते. तुम्ही बँकेतले आहात, हिशेब मी कशाला सांगू.

शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. आमचं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. खानदेशात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी, आखाजीला ठरतो आणि पुढच्या आखाजीला मोकळा होतो. माझे वडील सालदार होते. मालक बदलला की कधी गावही बदलायचं, मग पोरांचा दाखला एका शाळेतून काढून दुसऱ्या शाळेत. बऱ्याचदा तो काढायचा राहूनच जायचा आणि पोरगा दोन्ही पटांवर नसायचा. नंतर सालदारकी कमी झाली आणि ऊसतोड वाढली. आता नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली की दिवाळीनंतर टोळी निघते. कुणी बारडोली-सुरतेकडे, कुणी सांगली-कोल्हापूरकडे. परत येतात तेव्हा परीक्षा तोंडावर किंवा उरकलेली. जाणाऱ्या पोरांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखवून बसता यावं असा कागद, मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. जिथे गुरुजी मनावर घेतात तिथे ती चांगली चालतातही. पण ऊसतोडीच्या पालातून जवळची शाळा तीन-चार किलोमीटर, त्यात गुजरातेत असाल तर गुजराती. ते पत्रक आई कुणापुढे धरणार?

एवढं असूनही पैसा आणि स्थलांतर ही माझ्या लेखी अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी कुणी विचारत नाही. घरात कागद वाचणारं माणूस आहे का?

शाळा गृहीत धरते की आहे. सूचना वहीत लिहून पाठवतात. ‘पालकांची सही आणा.’ ‘आधार, रहिवासी, उत्पन्न, 31 तारखेच्या आत.’ आमच्या घरी हे सगळं एका युरियाच्या रिकाम्या गोणीत जायचं. ती आढ्याला टांगलेली असायची. शाळेचं पत्र, लग्नाची पत्रिका, दुकानाची जाहिरात, लाईट बिल, सगळं तिच्यात. कुठला कागद कामाचा हे कळत नसल्यामुळे वडील एकही कागद फेकत नसत. महिन्या-दोन महिन्यांनी ती गोणी खांद्याला मारून ते बौद्धवाड्यात एका दादाकडे जायचे. दादा ओट्यावर कागद मांडायचे आणि एकेक वाचून सांगायचे. माझा पाचवीचा आश्रमशाळेचा फॉर्म त्यांनीच भरला. ते स्वतः तेव्हा बारावी नापास होते.

हे दादा बौद्धवाड्यातच का सापडले, हा योगायोग नव्हता. तिथे प्रत्येक घरात एक तरी दहावीला बसलेला माणूस होता. बाबासाहेब 31 जुलै 1937 ला एका खटल्यासाठी धुळ्याला आले, तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यावर मुक्कामाला होते. आजही दर 31 जुलैला लोक तिथे जमतात. आमच्या गावचा बौद्धवाडाही ट्रॅक्टरने जायचा आणि येताना पोरांच्या हातात पुस्तकं असायची. शाळा ही त्यांच्याकडे चळवळ होती, आमच्याकडे सरकारी योजना. फरक आकड्यातही दिसतो. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता 82.34 टक्के, अनुसूचित जातींची 79 च्या पुढे, आदिवासींची 66 च्याही खाली. जळगाव जिल्हा 78.20, धुळे 72.80 आणि जिथे शंभरात सत्तरच्या आसपास लोक आदिवासी आहेत ते नंदुरबार 64.38, राज्यात सगळ्यात तळाला. अनुसूचित जातींच्या आकड्यातही सगळ्या जाती एका ओळीत नाहीत. त्यात मातंग मागे आहेत हे मला खिडकीवर दर वर्षी दिसतं.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर आमच्या घरची एक गंमत. जनगणनेच्या व्याख्येत सात वर्षांवरचा जो माणूस कुठल्याही भाषेत समजून वाचू आणि लिहू शकतो तो साक्षर. 2011 ला गुरुजी घरी आले, आईबद्दल विचारलं. वडील म्हणाले, “तिले सही येस, लिखी ल्या.” लिहिलं. आईला नावाची चार अक्षरं प्रौढ वर्गात गिरवून येत होती, पाचवं अक्षर दाखवलं असतं तर ते आकडा आहे की अक्षर हे तिला सांगता आलं नसतं. पण धुळ्याच्या त्या 72.80 मध्ये माझी आई आहे.

आश्रमशाळेबद्दल लोकांना भयंकर काहीतरी ऐकायचं असतं. मला तिथे दोन वेळा पोटभर जेवण मिळालं, हे आधी सांगतो. शाळा सातपुड्याच्या पायथ्याशी होती. तेव्हा सगळा एकच धुळे जिल्हा, नंदुरबार 1 जुलै 1998 ला वेगळा झाला. जिथे शिकायचो तिथेच रात्री सतरंजी टाकून झोपायचो. आठवीत वर्षभर गणिताला शिक्षक नव्हता. पण मला जास्त आठवते ती भाषा. मी अहिराणीवाला, ‘आंडेर’ म्हणजे मुलगी, ‘काबरं’ म्हणजे का. पुस्तकी मराठी मला अर्धी कळायची, अंदाजाने भागायचं. माझ्या शेजारी बसणारी पावरा जमातीची पोरं पावरी बोलायची, त्यांना अंदाजालाही काही नव्हतं. घाटावरून आलेल्या गुरुजींनी प्रश्न विचारला की ती खाली बघायची आणि शेऱ्यात जायचं ‘मंद’. याच पट्ट्यात नर्मदेच्या काठावर, धडगाव-अक्कलकुवा भागात, नर्मदा बचाव आंदोलनाच्या लोकांनी जीवनशाळा काढल्या आणि तिथे लहान पोरांना त्यांच्या बोलीतून शिकवलं. तिथली पोरं मंद निघाली नाहीत.

एक साधी गोष्ट. माझी जन्मतारीख 1 जून 1982. बहिणीची 1 जून 1986. भिलाटीत निम्म्या माणसांचा वाढदिवस 1 जूनलाच. पोरगं शाळेत उभं केलं की गुरुजी त्याची उंची बघायचे आणि सहा वर्षं मागे मोजायचे.

आता खिडकीच्या अलीकडचं. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आधीपासून तुमचं कुटुंब इथलं आणि त्या जमातीचं असल्याचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, भटक्या विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961. सगळ्यात पक्का पुरावा कोणता? आजा-पणजाचा शाळेचा दाखला किंवा शाळेच्या रजिस्टरचा उतारा. म्हणजे ज्यांच्या घरात 1950 पर्यंत कुणी शाळेची पायरी चढलं नाही म्हणून ही सवलत द्यायची, त्यांनी 1950 च्या आधी घरात कोण शाळेत गेलं होतं ते दाखवायचं. ज्याचा आजा शाळेत होता त्याचं काम महिन्यात होतं. बाकीच्यांनी तहसीलच्या अभिलेख कक्षात जायचं आणि गाव नमुना 14, म्हणजे कोतवालाचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, शोधायचं. नोंद सापडली तर ती मोडी लिपीत निघते. मग मोडी वाचणारा शोधा. मी बी.ए. झालो तरी शेवटी कागद वाचून घ्यायला दुसऱ्याच्याच ओट्यावर गेलो.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन आहे. ऑनलाइन झाल्यावर मधले हात कमी झाले हे खरं, त्याबद्दल तक्रार नाही. पण पोराचं आधार ज्या मोबाईलला जोडलेलं असतं तो नंबर मामाचा असतो आणि मामा सुरतेला. ओटीपी तिकडे जातो, पोरगा इकडे खिडकीत. अडीच लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागतो, त्यासाठी एक मजुरी बुडते. मंजूर झालेली रक्कमसुद्धा विद्यार्थ्याने लॉगिन करून ‘रिडीम’ करावी लागते, हे न कळल्यामुळे अडकून पडलेले पैसे मी स्वतः पोरांना बोलावून सोडवून दिलेत. ज्यांना बोलावता आलं त्यांना. दर वर्षी जुलैत मला एक गोष्ट नेमकी दिसते. शिक्षकाच्या किंवा ग्रामसेवकाच्या पोराची फाईल प्लास्टिकच्या खिशांत क्रमाने लावलेली असते, मग तो कुठल्याही जातीचा असो. सालदाराच्या पोराकडे घडी घातलेले तीन कागद असतात, घामाने मऊ झालेले, आणि त्यातला एक दुसऱ्याच भावाचा. गुणांत तो कमी असतोच असं नाही.

खाजगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. शिक्षण हक्काचा तो कायदा चांगला आहे, पण आमच्या गावाजवळ अशी शाळाच नाही.

राहिला दोषाचा प्रश्न. वडील 2019 ला वारले. दहाव्यानंतर मी ती गोणी खाली काढली. आतमध्ये एक पत्र होतं, जून 1996 चं, मुलींच्या एका आश्रमशाळेचं. बहिणीला पाचवीसाठी प्रवेश मंजूर झाला होता, 1 जुलैच्या आत हजर व्हायचं होतं. अर्ज दादांनीच भरलेला असणार. ते त्या उन्हाळ्यात कामाला पुण्याला गेले होते. गावची शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे त्या दिवाळीत बहीण आईबरोबर कापूस वेचत होती.

मी नववीत होतो, दिवाळीला घरी आलो होतो. घरातला पहिला वाचणारा. वडील म्हणाले होते, “गोणीमा कागद शेतस, देखी ले रे भो.” मी म्हणालो, “सकायले देखसू,” आणि नाल्याकडे पोरांत पळालो. सकाळी त्यांनी परत म्हटलं नाही, मलाही आठवलं नाही.

तेव्हा बघितलं असतं तरी 1 जुलै होऊन चार महिने गेलेले होते. मुख्याध्यापकांना भेटून काही झालं असतं का, ते मी कधी कधी मनात मांडून बघतो. पत्र माझ्याकडे आहे. बहिणीला अजून दाखवलेलं नाही.