साळुंकी जात नाहीये, म्हणजे तिला राहायचंय का?

प्रश्न: आठ महिन्यांपूर्वी वादळानंतर आमच्या दाराशी साळुंकीचं पिल्लू पडलेलं सापडलं, अंगावर धड पिसं पण नव्हती. ड्रॉपरने भरवून भरवून वाढवलं, मुलांनी नाव ठेवलं ठमी. आता घरभर फिरते, माझ्या खांद्यावर बसून झोपते, फोनची रिंगटोन अशी हुबेहूब काढते की आम्ही उठून धावतो. दोनतीनदा गॅलरीचं दार उघडं ठेवून पाहिलं, ती बाहेर डोकावते आणि परत आत येते. म्हणजे तिलाच राहायचंय ना? शेजारच्या काकू म्हणतात हे कायद्यात बसत नाही, सोडून द्या. मुलं रडकुंडीला आलीयेत. काय करू?

उत्तर: ताई, आधी हे की एवढंसं पिल्लू जगवलंत ही साधी गोष्ट नाही. त्या वयात त्याला उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत दर पंधरा-वीस मिनिटांनी भरवावं लागतं, आणि ड्रॉपरचा थेंब जरा चुकला की जिभेच्या बुडाशी असलेल्या श्वासाच्या भोकात जातो, मग पिल्लू एकतर गुदमरतं नाहीतर न्यूमोनियाने जातं. तेव्हा शाबासकी घ्या. आता पुढचं जरा टोचेल.

ठमी दारातून परत येते ती घर आवडतं म्हणून असेलही, पण मुख्य म्हणजे बाहेर तिच्या ओळखीचं कोणी नाहीये. तिच्या लेखी ती तुमच्यातलीच एक आहे. ऑस्ट्रियाचे प्राणीशास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ यांच्यामागे ग्रेलॅग गूज या रानटी हंसाची पिल्लं रांगेत चालत जायची, कारण अंड्यातून निघाल्यावर त्यांना पहिले तेच दिसले होते, आणि १९३५ साली त्यांनी यावर जे लिहिलं त्यालाच, म्हणजे लहानपणी जो समोर दिसतो त्यालाच आपलं मानण्याला, आज आपण इम्प्रिंटिंग म्हणतो (१९७३ ला त्यांना नोबेल पण मिळालं). साळुंकीचं पिल्लू आंधळं आणि उघडंबोडकं जन्मतं त्यामुळे तिथे हे सावकाश होतं, पण होतं.

रिंगटोनचं वाचून मला हसू आलं, मग लगेच वाईट वाटलं. ज्या वयात मोठ्या साळुंक्यांचं बोलणं कानावर पडायला हवं त्या वयात तिने फोन ऐकलाय. केंब्रिजच्या विल्यम थॉर्प यांनी १९५०च्या दशकात चॅफिंच पक्ष्याची पिल्लं मोठ्यांचं गाणं कानावर पडू न देता वाढवली होती, ती पुढे गायली खरी पण ते गाणं अगदीच तुटपुंजं आणि ओबडधोबड. ससाणा आला की बाकीच्या साळुंक्या कलकलाट करतात, तेव्हा आपण काय करायचं हे ठमीला कोणी दाखवलंय? शिवाय तिचं उडणं म्हणजे सोफ्यावरून पडद्यापर्यंत, त्यात छातीचे स्नायू कुठून कमावणार. म्हणून काकूंचं 'सोडून द्या' पण ऐकू नका, दार उघडून हुसकावणं म्हणजे मांजरीच्या ताटात वाढणं आहे.

मी हे पुस्तकातलं सांगत नाहीये, यात माझं तोंड पोळलंय, आणि ते खरोखर दुधानेच. कॉलेजात असताना मी कावळ्याचं पिल्लू घरी आणलं होतं आणि दुधात भिजवलेला ब्रेड भरवायचो, पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही हे तेव्हा माहीतच नव्हतं आणि ब्रेडमध्ये कॅल्शियमची बोंब. रोज सकाळी त्याचा खोका खिडकीच्या बंद काचेआड उन्हात ठेवायचो, वाटायचं चांगलं व्हिटॅमिन डी मिळतंय, पण त्यासाठी उन्हातले जे यूव्हीबी (अतिनील) किरण लागतात ते खिडकीची काच अडवते. काही आठवड्यांनी तो उभा राहायला गेला तर पाय दोन्ही बाजूंना फाकले. पोटावर बसून राहायचा आणि मी जवळ गेलो की लालभडक तोंड उघडून पंख थरथरवायचा, भरव म्हणून. व्हेटने बोटांत पाय धरून हळूच वाकवून पाहिला आणि म्हणाले, हाडं मऊ राहिलीत, हा आता सरळ व्हायचा नाही. मी त्याला पाळलं असं मी सगळ्यांना सांगत होतो.

तर आज ठमीचे पाय नीट बघा, चारही बोटांनी फांदी धरते का, आणि पंख उलगडून पिसांवर आडव्या फिक्या रेघा दिसतायत का ते बघा. पिसं वाढत असताना उपास किंवा ताण झाला की तशा रेघा उमटतात आणि पुढे पीस नेमकं तिथेच मोडतं.

मग परवानगी असलेल्या वन्यजीव केंद्राला फोन करा. दोनच गोष्टी विचारा, तुमच्याकडे आत्ता दुसऱ्या साळुंक्या आहेत का, आणि उडायला मोठा बंदिस्त पिंजरा आहे का. दोन्हीला हो म्हणाले तरच पुढे बोला. चांगली माणसं तिला आधी तिच्या जातीत सोडतात, माणसांचं येणंजाणं कमी करतात, मग एक दिवस पिंजऱ्याचं दार उघडं ठेवतात आणि खाणं मात्र बाहेर ठेवत राहतात, म्हणजे तिला भूक लागली तर परत येता येईल. याला आठवडे लागतात, कधी कित्येक महिने. मुलांना मध्येमध्ये भेटायला नेऊ नका, तुमचा आवाज ऐकला की सगळी मेहनत पाण्यात. आणि आठ महिन्यांनी ती खरंच सुटण्याजोगी राहिली नसेल, हेही होऊ शकतं, तर तेही ठरवू दे त्यांनाच. अशी साळुंकी साळुंक्यांच्यात राहिली तरी पुष्कळ.

कायद्याचं म्हणाल तर देशोदेशी वेगळा आहे. ब्रिटनचा १९८१चा कायदा मला आवडतो, जखमी रानपक्षी उचलायला परवानगी आहे पण तो बरा करून सोडण्यासाठीच. काकूंचं बोलणं टाकाऊ नाहीये, तुमच्या भागातला नियम त्या केंद्रालाच विचारा, लपवाछपवी करू नका.

तोवर घरात नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नका, त्याचा धूर पक्ष्याच्या फुफ्फुसाला मिनिटांत मारतो. पंखा बंद ठेवा, अवोकाडो देऊ नका. तिला तोंडाने भरवणं बंद, हात धुवा, आणि घरात कोणाला ताप-खोकला आला तर डॉक्टरांना पक्षी आहे हे आवर्जून सांगा.

प्रश्न: पिल्लाला माणसाचा हात लागला की आई टाकून देते ना?

उत्तर: नाही हो. माणसाचा वास आला म्हणून आई पिल्लू टाकत नाही. उघडं पिल्लू असेल तर घरट्यात परत ठेवा, घरटं मोडलं असेल तर तळाला भोकं असलेली छोटी टोपली तिथेच जवळ टांगा. पण पिसं आलेलं, आखूड शेपटीचं, टुणटुण उड्या मारणारं असेल तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. कुत्रं-मांजर असेल तर उचलून फांदीवर ठेवा आणि लांब जाऊन तासभर बघा. तुम्ही जवळ उभे राहिलात तर आई यायचीच नाही आणि तुम्हाला वाटेल बिचारं अनाथ आहे. ठमी बहुतेक खरंच पडलेली होती, पण घरी आणलेली कितीतरी पिल्लं या दुसऱ्या प्रकारातली असतात.

प्रश्न: मांजरीच्या तोंडातून चिमणी सोडवली, साधं खरचटलंय, हळद लावून ठेवू का?

उत्तर: नको, आजच व्हेटकडे न्या. मांजरीच्या लाळेत पाश्चुरेला नावाचे जंतू असतात, दाताचं भोक पिसांखाली दिसत पण नाही आणि पक्षी दोनतीन दिवसांत जातो, वेळेत अँटिबायोटिक मिळालं तरच आशा. नेईपर्यंत भोकं पाडलेल्या खोक्यात, खाली सुती कापड, अंधारात आणि शांत जागी ठेवा. पाणी चोचीत घालू नका. आणि जिवंत आहे का बघायला दर पाच मिनिटांनी झाकण उघडू नका, तेवढ्या भीतीनेही ती जाऊ शकते.