कुंपण कुजतं ते मातीलगत

लाकूडकामावरच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: घराच्या तीन बाजूंना सहा फूट उंचीचं लाकडी कुंपण घालायचं आहे. सुतार म्हणतो, सागाशिवाय काही टिकत नाही. शेजारी म्हणतात, औषध मुरवलेलं पाइन घ्या. कोणाचं ऐकू? आणि खांब काँक्रीटमध्ये गाडायचे का?

उत्तर: दोघांचंही अर्धं अर्धं ऐका. सुतार साग म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे गाभ्याचं तपकिरी, तेलकट लाकूड असतं. ते खरंच दणकट. पण वखारीतून येणाऱ्या सागात कडेचा फिकट पट्टाही असतो, आणि तो कुजायला कुठल्याही साध्या लाकडाइतकाच वेळ घेतो. लहान वयात तोडलेल्या झाडात हा पट्टा चांगलाच रुंद असतो. म्हणून नाव ऐकून खूश होऊ नका. खांब टोकाकडून बघा; कापलेल्या तोंडावर दोन रंग स्पष्ट दिसतात. फिकट रंग जास्त असेल तर तो खांब जमिनीत घालू नका.

पाइनच्या बाबतीत प्रश्न औषध कसं घातलं याचा. बंद टाकीत आधी लाकडातली हवा ओढून घेऊन मग दाबाखाली औषध मुरवलं असेल, तर ते खोलवर जातं. ब्रशने फासलेलं किंवा हौदात बुचकळलेलं औषध म्हणजे वरवरचा मुलामा. फळीवर किंवा चिठ्ठीवर वर्ग छापलेला असतो: ऑस्ट्रेलियन पद्धतीत एच४, अमेरिकन पद्धतीत यूसी४, म्हणजे मातीत गाडण्याजोगं. एच३ किंवा यूसी३ फक्त जमिनीच्या वर वापरायचं. आणि करवत लावलेलं टोक कधीही खाली घालू नका. कापलं की आतला औषध न पोचलेला गाभा उघडा पडतो; तिथे वेगळं औषध भरपूर लावा आणि ते टोक आकाशाकडे ठेवा. उरलेले तुकडे जाळायचे नाहीत. जुन्या मालात आर्सेनिक असायचं. अमेरिकेत घरगुती वापरासाठी तसं लाकूड बनवणं उत्पादकांनी २००३ च्या अखेरीस थांबवलं, पण जुनी कुंपणं मोडून आलेलं लाकूड अजून फिरत असतं.

आता खांब, कारण खरी मेख तिथेच आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते आणि हवाही लागते. खूप खोल गेलं की हवा नाही, वर आलं की ओल टिकत नाही. मातीच्या पातळीच्या आसपासच्या वीतभर पट्ट्यात दोन्ही मिळतं. कुणाचं जुनं कुंपण बघायला गेलो की मी वरच्या फळ्यांकडे नंतर बघतो. आधी खांबाभोवतीची चार बोटं माती खरवडून तिथे स्क्रूड्रायव्हर टोचतो. लाकडात अडला तर ठीक. लोण्यात शिरावा तसा शिरला तर त्या खांबावर नवी फळी मारायची नाही, वर तो कितीही देखणा दिसो.

काँक्रीट घाला, पण खांबाला वाटीत उभा करू नका. लाकूड वाळून आक्रसलं की खांब आणि काँक्रीट यांत फट पडते, पाणी आत उतरतं आणि तळ बंद असेल तर तिथेच साचतं. खड्डा खांबाच्या जाडीच्या तिप्पट रुंद घ्या. तळाला सहा इंच खडी टाकून ठोका. खांब थेट खडीवर टेकवा, मग बाजूंनी काँक्रीट भरा. वरचा भाग जमिनीच्या थोडा वर आणून चहूबाजूंनी उतरता करा. सहा फूट उंचीसाठी नऊ फुटी खांब घेऊन तीन फूट जमिनीत. दोन खांबांमध्ये सहा ते आठ फूट. आधी दोन टोकांचे खांब ओळंब्यात उभे करा, त्यांच्यात दोरी ताणा, मगच मधले. खणण्यापूर्वी पाण्याची, गॅसची, विजेची लाइन कुठून जाते ते विचारून घ्या.

माझं स्वतःचं मत विचाराल तर खांब जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचे घ्या आणि लाकूड वरच ठेवा. मग साग की पाइन हा वाद निम्मा संपतो. खांब ओट्यावर बोल्टने बसवायचे तयार पाय मात्र उंच, बंद कुंपणाला चालणार नाहीत. ते वरून येणारं वजन पेलतात. वाऱ्याने आडवा रेटा दिला की डोलतात. वारा दुप्पट वेगाने आला तर दाब चौपट होतो हे ध्यानात ठेवा. मोकळ्या मैदानाकडच्या बाजूला फळ्या आडव्या पट्ट्यांच्या आलटून-पालटून दोन्ही अंगांना मारा. समोरून आडोसा राहतो आणि वाऱ्यालाही वाट मिळते.

फळ्यांची खालची कड मातीपासून दोन इंच वर ठेवा. खिळे-स्क्रू स्टेनलेस किंवा जाड जस्त चढवलेलेच. साध्या खिळ्याखाली काळा ओघळ येतो, तो नुसता गंज नसतो. लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड मिळून तो रंग होतो, जुन्या काळी शाईही अशीच करत. तो घासून जात नाही.

प्रश्न: फाटक दरवर्षी खाली बसतं. तिरकी पट्टी मारली आहे, तरीही.

उत्तर: बहुधा उलटी मारली आहे. लाकडी पट्टी खालच्या बिजागरीपासून निघून कडीच्या बाजूला वर गेली पाहिजे, म्हणजे फाटकाचं वजन तिच्यावर दाबून बसतं. तार किंवा लोखंडी सळई लावणार असाल तर नेमकं उलट: वरच्या बिजागरीपासून कडीच्या खालच्या कोपऱ्याकडे, कारण तार ओढ सोसते, दाब नाही. पट्टी बदलण्याआधी फाटकाचा खांब हलवून बघा. तो इतरांपेक्षा जाड आणि खोल हवा. बऱ्याचदा झुकलेला असतो तोच.

प्रश्न: व्हार्निश मारू की तेल?

उत्तर: उघड्यावर व्हार्निश नको. त्याचा थर उन्हाने तडकतो, पाणी खाली शिरतं आणि मग सगळं खरवडून काढावं लागतं. लाकडात मुरणारा, थोडा रंग असलेला स्टेन घ्या. त्यातला रंगच ऊन अडवतो. नुसतं जवसाचं तेल दमट जागी काळ्या बुरशीला आमंत्रण देतं. काहीच लावलं नाही तर लाकूड राखाडी होईल. तो रंग वरच्या पातळ थराचा असतो, त्याने लाकूड कमजोर होत नाही. मला तो आवडतोही. फक्त फळ्यांच्या आणि खांबांच्या वरच्या कापलेल्या टोकांना स्टेन दोन-तीनदा पाजा, पाणी तिथूनच सर्वांत जास्त पितात.

प्रश्न: कुंपण नेमकं हद्दीवर घालावं का?

उत्तर: हद्द मोजून घ्या आणि वीतभर आत या. स्टेन मारायला दर वेळी शेजाऱ्याच्या अंगणात उतरायचं नसेल, तर हात भर आत आलात तरी चालेल.