सुरगाण्याच्या पाड्यांवरची नोकरी सोडावी का?

प्रश्न : मुलीनं एमएसडब्ल्यू केलंय. एका परदेशी विद्यापीठाच्या माता-आरोग्य संशोधनासाठी ती सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर फॉर्म भरून घेते. "बायका काही न विचारता अंगठा देतात, मला ते बरं वाटत नाही," म्हणते. नोकरी सोडून बँकेच्या परीक्षेला बसवू का?
– एक आई, नाशिकरोड

उत्तर : ताई, घाई नको. आधी तिला विचारा, पैसे महिन्याचे मिळतात की फॉर्ममागे? फॉर्ममागे असतील तर घोळ तिथेच आहे. आकडा गाठायचा म्हटल्यावर माहितीपत्रक कोण वाचून दाखवणार? "नाही म्हणालात तरी दवाखान्यातले उपचार बंद होणार नाहीत," हे वाक्य तर हमखास गळतं. त्यात सोबत गावचीच आशाताई असली की बाई नाही म्हणणार कशी! अंगठा घेताना संशोधनाशी संबंध नसलेला, वाचता येणारा साक्षीदार लागतो. तो असतो का?

ही शंका हवेतली नाही. आताच्या तेलंगणातल्या खम्मममध्ये २००९-१० च्या एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळणारी लस) प्रकल्पात कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डननीच सह्या केल्या होत्या. संसदीय समितीनं २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले.

कागद चोख असले तरी सगळं सुटतं असं नाही. आपल्याच उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासण्यांचा मोठा अभ्यास झाला. निष्कर्ष २००९ मध्ये आले. त्यात तुलनेसाठी ठेवलेल्या एका गटातल्या बायकांची तपासणीच केली नव्हती, कारण एरवीही तिथे तशी सोय नव्हती. अभ्यास उपयोगी ठरला. पण सोय नसणं हीच 'नेहमीची सेवा' धरायची का? मला ते पटत नाही.

अशा प्रश्नांवर काम करायला तिच्यासारखी माणसं हवीत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एथिक्स कमिटीत, म्हणजे संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीत, डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार, समाजशास्त्राचा अभ्यासक आणि सामान्य नागरिकही असतो. पुढे शिकायचं तर मुंबईत टिसचा (टाटा समाजविज्ञान संस्थेचा) सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम आहे. पाड्यांवरचा अनुभव तिथे कामी येईल.

तूर्त तिनं वरिष्ठांकडे कमिटीचं मंजुरीपत्र मागावं आणि संमतीपत्राची प्रत प्रत्येक बाईला मिळते का ते पाहावं. टाळाटाळ झाली तर थेट कमिटीला लिहावं. तिथूनही उत्तर आलं नाही, तर खुशाल सोडू द्या. बँकेच्या परीक्षा काय, दरवर्षी असतात. अनुभवाचं प्रमाणपत्र मात्र निघण्याआधी हातात घ्यायला सांगा. नंतर कुणी देत नाही.