नाशिकहून आईबाबांना घेऊन स्वीडनला जातोय, रोख किती न्यावी?

माझ्या मते जवळजवळ नाहीच. स्टॉकहोमच्या बसमध्ये रोख चालतच नाही, कार्ड टेकवायचं. पंचवटीत भाजीच्या गाडीवर आपण क्यूआर स्कॅन करतो, तसं तिथे ‘स्विश’ आहे. पण त्याला स्वीडिश बँकेतलं खातं लागतं. म्हणून दोन वेगळ्या बँकांची कार्डं न्याच, आणि ती वेगवेगळ्या खिशांत ठेवा. निघण्याआधी घरीच बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि टॅप सुरू करा. हे सुरू न केल्यामुळेच माझ्या आईचं कार्ड पहिल्या कॉफीला नाकारलं गेलं. मागे रांग, ती अगदी कावरीबावरी झाली. मशीनने ‘रुपये की क्रोना’ विचारलं तर क्रोनाच निवडा, रुपयांचा दर महाग पडतो. आईबाबांना पिन पाठ हवा.