वाटलं की पोटात गेलं?

प्रिय मुली,

पहिलीच्या बाई म्हणतात, तुझ्या अंगणवाडीतून गेलेल्या मुलांच्या ध्यानात चार आकडे राहत नाहीत. तू विचारतेस, तक्ते वाढवू की खेळणी? दोन्ही आण. पण त्या मुलांच्या आयांची जुनी माता-बाल संरक्षण कार्डंही काढ. सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन किती होतं?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा माग ठेवला. निम्म्याहून अधिक जणींत बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. २८व्या आठवड्यात ज्यांचं बी-१२ अगदी तळाला होतं, त्यांची मुलं नवव्या वर्षी लक्ष टिकवण्याच्या आणि आकडे लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत मागे पडली. एखाद्या पोराकडे बोट दाखवून ‘हे आईच्या बी-१२मुळे’ म्हणता येत नाही. घर, शाळा, आजारपण सगळं त्यात येतं. पण आपल्या हातात असलेला काळ गरोदरपणाचा आहे.

तुझं रजिस्टर पाहिलं. लाल गोळ्या १८०, सही, अंगठा. वाटल्या. पोटात गेल्या का?

एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक. हिमोग्लोबिन ११च्या खाली असेल तर दोन, ७च्या खाली थेट रुग्णालय. हे तुला पाठ आहे. बाई गोळी का सोडते, ते कुठे लिहून ठेवलंयस? मळमळतं. शौचाला काळं होतं. ‘बाळ काळं निपजेल’ म्हणून सासू अडवते. काळं होणारच आणि त्यात भिण्यासारखं काही नाही, हे गोळी हातात देतानाच सांग. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर तासाभराने घ्यायला सांग, लिंबूपाण्याबरोबर. आगेमागे तासभर चहा नको. कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर, आणि ती व लोहाची गोळी यांत दोन तासांचं अंतर. आपण दोन्ही पाकिटं एकदम देतो, ती दोन्ही एकदम गिळते, आणि लोह अंगी लागत नाही. ‘घेतेस ना?’ असं विचारूच नकोस, उत्तर ‘हो’ येतं. ‘काल किती वाजता घेतलीस?’ विचार, आणि रिकाम्या पट्ट्या मोज.

त्या लाल गोळीत बी-१२ नाही. पालेभाजीत नाही, डाळीतही नाही. दूध, दही, अंडी, मासे यांत आहे. माळकरी घरात निदान दूध-दही तिच्याच वाटीत पडतंय का बघ; पाणी घालून वाढवलेल्या ताकाने भागत नाही. तेही नसेल तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना बी-१२च्या गोळीबद्दल स्पष्ट विचार.

घरपोच आहाराचं पाकीट घरातल्या सगळ्यांत वाटलं जातं. म्हणून आदिवासी भागातली २०१५ची अमृत आहार योजना मला पटते: गरम जेवण, अंगणवाडीत बसून. तिथेही डबा मागतात. देऊ नकोस. कामावर जाणारी असेल तर जेवणाची वेळ बदल, पण ताट तुझ्यासमोर रिकामं झालं पाहिजे. मी फार ताणते, असं सगळे म्हणतात. म्हणोत. आहार वाटल्याचे आकडे गोळा करायला माणसं भरपूर आहेत.

पुढच्या महिन्यात प्रत्येकीचं पुन्हा हिमोग्लोबिन तपासून घे. एखादीचं दोन गोळ्या चालू असून एक ग्रॅमनेही वाढलं नाही, तर आधी पट्ट्या मोज. त्या खरोखर रिकाम्या असतील तर तिला वरच्या रुग्णालयात पाठव, आणि सोबत आशाताईंना जाऊ दे.