नाव नसलेल्या रोमन बाईचा काळ ठरवतात कसा?

तुम्ही फोटो टाकलेल्या रोमन बाईच्या दगडी पुतळ्यावर कोरीव लेख नाही, नाव नाही, नाकही तुटलेलं. मग शेजारच्या माहितीफलकावर 'इ.स. पहिले शतक' कशाच्या जोरावर लिहितात, असं तुम्ही विचारलंय. मुख्यतः केसांच्या.

राजघराण्यातल्या बायकांच्या छबी नाण्यांवर नावानिशी असायच्या आणि त्यांची केशभूषा बाकीच्या बायका उचलायच्या. त्यामुळे बिननावाचं डोकं नाण्यांशी ताडून पाहता येतं. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या बायकोची, लिव्हियाची, ओळख म्हणजे कपाळावरची केसांची गुंडाळी. इ.स. 200 च्या सुमाराचा सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस याच्या बायकोचे, ज्युलिया डोम्नाचे, केस जाड, लाटालाटांचे, टोप चढवल्यासारखे.

सगळ्यात भन्नाट फॅशन फ्लेव्हियन सम्राटघराण्याच्या काळातली, इ.स. 69 ते 96 मधली. पुढे कुरळ्या बटांची उंच कमान, मागे वेण्यांचा अंबाडा. रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयातला 'फोन्सेका' अर्धपुतळा बघा. प्रत्येक बटेच्या मध्यभागी गिरमिटानं खोल भोक पाडलंय, आत सावली साचते आणि पांढऱ्या दगडाचे केस काळेभोर दिसतात. रोमन कवी जुवेनाल बटांच्या या थरांची टर उडवतो: समोरून अँड्रोमाकी (ट्रॉयच्या हेक्टरची उंचीपुरी बायको), मागून बघाल तर ठेंगणी, जणू दुसरीच कोणी! हे सगळे खोट्या केसांचे टोप असावेत असं पूर्वी बरेच जण धरून चालत. पण जॅनेट स्टीफन्स या अमेरिकन केशरचनाकार बाईंनी सुई-दोऱ्यानं केस शिवून अशा रचना स्वतःच्या केसांवरही जमतात हे दाखवलं आणि 2008 साली त्यावर शोधनिबंध लिहिला. हातात कंगवा धरणाऱ्या माणसालाच हे सुचणार!

आता खोच. म्हातारी बाई तरुणपणीचीच केशभूषा चालू ठेवू शकते. फोन्सेकाच्या काळाबद्दलही एकमत नाही: फ्लेव्हियन म्हणून ती प्रसिद्ध, पण अनेक अभ्यासक तिला दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला नेतात. म्हणून डोळेही बघायचे. साधारण इ.स. 130 च्या आधी बुबुळं रंगवत, नंतर ती दगडात कोरायची पद्धत रुळली. तुमच्या फोटोत डोळे कोरे दिसताहेत, म्हणजे पहिलं शतक पटण्यासारखं आहे. रंग उडाल्यामुळेच ती नजर आंधळी वाटते.

नाक आणि खांदे पुराव्यात धरू नका. सतराव्या-अठराव्या शतकात डागडुजी करणारे कारागीर नवं नाक बसवत, एकीचं डोकं दुसरीच्या धडावर चढवत. मानेभोवती सांधा दिसतो का बघा, आणि जमलं तर मागच्या बाजूचा फोटो टाका. अंबाडा दिसल्याशिवाय दशकाबद्दल मी तरी काही बोलणार नाही.