क्लासची फी भरण्याआधी

नुकतीच पुण्यात आलीयस, म्हणून सांगते: कथालेखनाच्या क्लासची फी भरायची घाई करू नकोस. आधी मराठी विकिस्रोत ही जुन्या पुस्तकांची मोफत साइट उघड. भारतात लेखक गेल्यावर ६० वर्षांनी त्याचं लेखन स्वामित्वहक्कातून मोकळं होतं, त्यामुळे १९५० साली गेलेल्या साने गुरुजींचं लेखन तिथे फुकट वाचता येतं. पण नुसतं वाचू नकोस, एखादं पान वहीत हाताने उतरवून काढ. पहिला संवाद कुठे येतो, बोलण्याआधी माणूस काय करतो, वाक्य कुठे तोडलंय, हे उतरवताना जितकं कळतं तितकं कुणाचं भाषण ऐकून कळत नाही. मी आजही हे करते.

शब्द अडला तर मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या साइटवर आहे. माहितीला मराठी विश्वकोश. ई-साहित्य या साइटवर आजच्या लेखकांची पुस्तकं मोफत मिळतात. इंग्रजी चालत असेल तर ब्रँडन सँडरसन या अमेरिकन कादंबरीकाराची लेखनावरची व्याख्यानं यूट्यूबवर बघ, पण कथानकाच्या बांधणीपुरतीच. बोलणं कसं असतं ते तुला स्वारगेटच्या स्टँडवरच मिळणार. गाडीला थांबलेल्या बायका काय बोलतात ते ऐक, आणि त्याच रात्री लिहून ठेव. सकाळपर्यंत त्यातला ठसका गेलेला असतो.